हजार सेकंदांमागे एक

चिखली,
रविवार

प्रिय सुजित,

पार्सल पोचलं. फ्रॉक छान आहे, पण निशीला होत नाही. तू अजून तिला पहिलीतली धरून चालला आहेस. ती तिसरीत गेली आणि माझ्या चपला घालून गॅलरीत मिरवते. फ्रॉक मी शेजारच्या कुसुमताईंच्या नातीला दिला, रागावू नकोस. शेवेचा अर्धा पुडा आईला दिघीला नेऊन दिला. तिचे गुडघे आहेत तसेच आहेत. डॉक्टरने जिना टाळायला सांगितलाय आणि ती राहते तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे ती खालीच उतरत नाही आणि वर सांगते की डॉक्टरचं ऐकते आहे. आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी रस्ता खणून ठेवलाय, समोरच्या शेडमध्ये नवीन लेथ आलंय, दिवसभर लोखंड किंचाळत असतं. बाकी चिखली तू सोडून गेलास तशीच आहे, फक्त आणखी दोन मजले उंच झाली आहे.

अण्णांचं मात्र लिहायला हवं. माझे सासरे तुला नेहमी ताठच दिसले. ज्योतीराम मिस्त्री म्हटलं की भोसरीतल्या जुन्या प्रेसशॉपचे लोक अजून उठून उभे राहतात. पण आता ते खचलेत. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी प्रेसखाली घालवली होती आणि तेव्हापासून मशीनजवळ हलगर्जीपणा करणाऱ्या माणसाची त्यांना किळस यायची, हे तुला ठाऊक आहे. गणराजचा फोटो बाहेरच्या खोलीत आहे तो मी लावलाय. अण्णा त्याला हार घालायचे नाहीत. वर्षश्राद्धाला पाटावर बसले, गुरुजींनी सांगितलं तेवढं केलं, पण फोटोकडे मान वर करून पाहिलं नाही. पाहुण्यांना वाटलं, म्हाताऱ्याला सोसत नाहीये. मला ठाऊक होतं की तो राग आहे. "चालू मशिनीत उतरला. माझा पोरगा असून उतरला," एवढंच ते दोन वर्षं म्हणत होते, कधी मला, कधी भिंतीला.

सुजित, गणराज परत येणार नाही हे मला कळतं. कायद्याने मिळायचं ते मिळालं, त्यावरून माझं कोणाशी भांडण नाही. मला एवढंच हवं होतं की आपला मुलगा स्वतःच्या मूर्खपणाने मेला असं मनात धरून त्याच्या बापाने डोळे मिटू नयेत, आणि निशीने ते ऐकत मोठं होऊ नये. या पत्रात तेवढी एकच गोष्ट आहे. बाकी फ्रॉक आणि शेव मी उगाच आधी लिहिली, कारण थेट सुरुवात करवेना.

त्या शुक्रवारचं मी तुला काय सांगणार? तू तिथे होतास आणि मी नव्हते. तरी एकदा क्रमाने लिहिते, कारण सगळा घोळ क्रमाचाच आहे. मोठ्या प्रेसच्या मागे तो खड्डा आहे, तुम्ही त्याला पिट म्हणता. पत्र्याचे कापलेले तुकडे वाहून नेणारा पट्टा त्यात फिरतो. तुकडे अडकले आणि पट्टा थांबला. तू मेन स्विच पाडलास, त्याला तुझं कुलूप घातलंस आणि किल्ली खिशात टाकलीस. नियम असा की जितकी माणसं आत उतरणार तितकी कुलुपं स्विचवर लागली पाहिजेत, म्हणजे शेवटचा माणूस बाहेर येऊन स्वतःचं कुलूप काढेपर्यंत मशीन कोणालाच चालू करता येत नाही. आणि तुमच्या शॉपची रीत अशी की एका घरची किंवा एका गावची माणसं असली तर एकाच्या कुलपावर दोघं उतरतात. दुसरं कुलूप आणायला कपाटापर्यंत कोण जाणार, त्यावर नावाची चिठ्ठी कोण अडकवणार? मेव्हण्याचं कुलूप आहे म्हणजे आपलंच आहे. हे मी गणराजच्या तोंडून लग्नाच्या पहिल्या वर्षीच ऐकलं होतं. तो ते कौतुकाने सांगायचा, तुझ्यावरच्या मायेने. मीही ते कौतुकानेच ऐकलं.

तू जबाबात लिहून दिलंस की दाजी तुकडे ओढायचा आकडा आणायला स्टोअरला गेले होते. तेवढ्यात मी पुढच्या बाजूने पट्टा मोकळा केला. सुपरवायझर लाइन चालू करा म्हणून डोक्यावर उभा होता. मी पिटमध्ये वाकून पाहिलं, आत कोणी नव्हतं, म्हणून कुलूप काढलं आणि मशीन चालू केलं. तीन-चार मिनिटांनी पट्टा जड चालतोय असं वाटलं म्हणून बंद करून मागे गेलो. जबाबातलं त्याच्यापुढचं मी इथे लिहीत नाही. तुलाही ते वाचणं सोसणार नाही.

चौकशीवाल्यांपुढे दोन नोंदी होत्या. मशीन कधी चालू झालं ती नोंद मशीनच्या पॅनेलमध्ये, त्याचं घड्याळ वेगळं आणि बरोबर. पिटचं मागचं दार गणराजच्या कार्डाने कधी उघडलं ती नोंद गेटच्या सर्व्हरवर. हजेरी, कँटीन, स्टोअर, पिट, सगळ्या दारांचा हिशोब तो एकच सर्व्हर ठेवतो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर मशीन आधी चालू झालेलं आणि दार त्यानंतर दोन मिनिटांनी उघडलेलं. त्यातून गणराजचं कुलूप स्विचवर नव्हतं, कपाटात सापडलं. निष्कर्ष एका ओळीत मावला: अनुभवी फिटर, स्वतःचं कुलूप न लावता, चालू मशीनमध्ये उतरला. सर्व्हरचं घड्याळ बरोबर आहे का हे बघायचाही त्यांनी आळस केला नाही. सोमवारी एका साहेबांनी स्क्रीनवरची वेळ स्वतःच्या मोबाइलशी ताडून पाहिली, सेकंदाचाही फरक नव्हता, आणि तसं त्यांनी लिहून ठेवलं. मीही ते वाचून गप्प बसले. मी तर याच धंद्यातली. मला वाटलं, सर्व्हरने सांगितलंय म्हणजे झालं.

तू मला चिडवायचास ना, की आमची ताई नसलेल्या कॉम्प्युटरांची मेकॅनिक आहे. त्यात खोटं काहीच नाही. पिंपळे गुरवच्या ऑफिसात बसून मी जे सांभाळते ते बहुतेक सगळं तसंच असतं. लोखंडाचं एकच मोठं यंत्र, आणि त्याच्या पोटात दहा-पंधरा नुसत्या कल्पनेतली यंत्रं, व्हर्च्युअल मशीन म्हणतात ती. त्यातल्या प्रत्येकाला वाटतं आपणच खरे. या बिचाऱ्यांना स्वतःचं घड्याळ नसतं. खालच्या प्रोसेसरचे ठोके ती मोजतात. चालू होताना एकदाच माप घेतात, की एवढे ठोके पडले म्हणजे एक सेकंद, आणि मग तेच माप धरून दिवसच्या दिवस मोजत बसतात. श्रावणात मोशीजवळच्या एका शीतगृहाचा असाच एक सर्व्हर आम्ही जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर हलवला. बंद न करता, चालता चालता. आम्हाला याचा मोठा अभिमान असतो, की हलवलेल्याला कळतही नाही आपण हललो म्हणून. नेमकं तेच नडलं. नव्या प्रोसेसरचा वेग कागदावर जुन्याएवढाच होता, प्रत्यक्षात हजारात एक भाग जास्त. सर्व्हरच्या डोक्यात माप जुनंच. त्यामुळे सेकंद पुरा व्हायच्या जरा आधीच तो पुरा झाला म्हणून मोकळा व्हायचा. हजार सेकंदांमागे एक सेकंद पुढे. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला जवळजवळ दीड मिनिट होतं. एरवी हे चालून जातं, कारण खालचं मोठं यंत्र अधूनमधून त्याचा कान पिळून खरी वेळ सांगत असतं. नव्या यंत्रावर ती सोय चालू करायची राहून गेली होती. शीतगृहाच्या मालकाने फोनवर आरडाओरडा केला, मी अर्ध्या तासात सगळं ठीक करून दिलं, चहाचा कप विसळायला बेसिनशी गेले आणि नळ चालू ठेवून तिथेच उभी राहिले.

कारण तुमच्या कंपनीचा गेटचा सर्व्हरही असाच, अपघाताच्या आदल्या रविवारी, हलवला होता. हे मला कोणा कागदावरून कळलेलं नाही, गणराजनेच सांगितलं होतं. त्या रविवारी तो ओव्हरटाइमला गेला होता. घरी आल्यावर म्हणाला, आज तुमच्या जातीची माणसं आली होती कंपनीत, नवीन डबा बसवून गेली, आणि गंमत म्हणजे एकही दार दोन मिनिटंसुद्धा बंद पडलं नाही. मी म्हटलं, याला म्हणतात काम. पुढच्या शुक्रवारी तो गेला. या दोन गोष्टींची गाठ घालायला मला दीड वर्ष आणि एक शीतगृह लागलं.

पण घड्याळ पुढे पळत होतं असं नुसतं मी म्हणून कोण ऐकणार? अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, नोंदींची प्रत काढायची म्हणून तो सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला होता. चालू होताना त्याने खालच्या यंत्राकडून खरी वेळ घेतली, नव्या प्रोसेसरचं माप नव्याने घेतलं आणि शहाणा झाला. सोमवारी साहेब मोबाइल घेऊन आले तेव्हा तो बरोबरच होता. त्यांची काही चूक नाही, गुन्हेगार त्यांच्या पुढ्यात आंघोळ करून बसला होता. मला आता असं काहीतरी हवं होतं जे सर्व्हरच्या वेळेने चालत नाही. वारस म्हणून चौकशीच्या कागदांबरोबर मला एक पेनड्राइव्ह मिळाला होता, त्यात सगळ्या दारांच्या नोंदी होत्या, आधीच्या दोन महिन्यांच्या सुद्धा. तो घेऊन बसले आणि मला चहा सापडला.

तुमचा चहाचा भोंगा सिक्युरिटीच्या केबिनमधल्या जुन्या विजेच्या घड्याळावर वाजतो, त्याचा सर्व्हरशी काही संबंध नाही. आणि त्या भोंग्याला तुमच्या शॉपचा माणूस कधी उशीर करत नाही. भोंगा व्हायच्या आधीच निम्मी लाइन कँटीनच्या दाराशी कार्ड हातात धरून उभी असते, हे मी तुम्हा दोघांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. आधीचे दोन महिने बघितले, रोज भोंग्याच्या त्याच मिनिटाला पहिलं कार्ड. मग तो आठवडा बघितला. सोमवारी सव्वा मिनिट उशिरा. मंगळवारी पावणेतीन. बुधवारी आणखी, गुरुवारी साडेपाचच्या वर. शनिवारी सर्व्हर चालू-बंद झाल्यावर पुन्हा पहिल्यासारखं, भोंगा झाला की कार्ड. अख्ख्या शॉपने ठरवून रोज थोडं थोडं उशिरा चहाला जायचं व्रत घेतलं होतं असं कोणाला वाटत असेल तर वाटो. शुक्रवारचा चहा नोंदीत नाही. त्या दिवशी चहाला कोणी गेलंच नाही.

हे सगळं मांडल्यावर मला तुझं जेवण आठवलं. त्या बुधवारी तू आमच्याकडे होतास, मेथीची भाजी होती आणि तू भाकरी कुस्करत कुरकुरत होतास. कंपनीच्या बसने वेळेवर उतरूनसुद्धा लेट मार्क लागतोय म्हणून. गणराज म्हणाला, "मेव्हणे, तुम्ही बसमधून उतरून आधी तिच्या आरशात भांग पाडता आणि मग कार्ड लावता, असंच होणार." तू रुसलास आणि आणखी एक भाकरी खाल्लीस. तुला लागलेला लेट मार्क त्यालाही लागला होता, हे त्याने तू गेल्यावर मला सांगितलं. मी मागच्या महिन्यात गेटवरच्या भैरूला जाऊन भेटले. तो म्हणाला, "ताई, त्या हप्त्यात अख्खी बस लेट लागली व्हती. माणसं माझ्यावर खेकसायची. मला वाटलं, आपल्याच केबिनचं घड्याळ मागं पडलंय, ते पुढं सरकवावं." ते घड्याळ त्याने पुढे केलं असतं तर भोंगाही पुढे गेला असता आणि चहाचा पुरावा तिथेच संपला असता. मी विचारलं, केलंत का? "न्हाई. हात पुरंना. स्टूल कँटीनवाल्यांनी नेलं व्हतं, ते परत आणलंच न्हाई." गणराजच्या बाजूने साक्ष द्यायला जगात एक घड्याळ तेवढं उरलं, आणि तेही कँटीनवाले विसराळू निघाले म्हणून.

आता हिशोब सोपा आहे. शुक्रवारी त्या वेळेपर्यंत सर्व्हर सात मिनिटं पुढे गेला होता. दाराच्या नोंदीतून सात मिनिटं वजा केली तर गणराज मशीन चालू व्हायच्या आधी पाच मिनिटं आत गेला होता. मशीन बंद होतं. स्विचवर कुलूप होतं, तुझं. चालू मशीनमध्ये तो उतरलाच नाही. आकडा घेऊन मागच्या दाराने आला, मेव्हण्याचं कुलूप आहे म्हणून निर्धास्त आत उतरला, आणि पुढच्या बाजूने तू ते काढलंस. त्याने स्वतःचं कुलूप लावायला हवं होतं, हे मी नाकारत नाही. त्याची चूक तेवढी. पण तुझ्या जबाबातलं ते एक वाक्य घे. मी वाकून पाहिलं, आत कोणी नव्हतं. आत तो होता, सुजित. पाहिलं असतंस तर दिसला असता. तू पाहिलं नाहीस.

हे कळल्यावर मी तीन महिने तोंड उघडलं नाही. बाबा गेले तेव्हा तू शाळेत होतास. तुला आयटीआयला घातलं ते मी, आणि कंपनीत तुझ्यासाठी शब्द टाकला तो गणराजने. मला तुझा इतका राग येतो की रस्त्याने चालताना मी एकटीच पुटपुटत असते, लोक बघतात. आणि त्याच दिवशी संध्याकाळी तिकडचं मेसचं जेवण तुला सोसतं का, हेही मनात येतं. दोन्ही खरं आहे, मी काय करू? मी तो हिशोब पुन्हा पुन्हा करून पाहिला, कुठेतरी चुकला असेल तर बरं म्हणून. स्वतःचं काम चुकीचं निघावं म्हणून मी जन्मात इतकी मेहनत घेतली नव्हती. तो चुकला नाही.

मग दिवाळी झाल्यावर समोरची दिपाली तुमच्याच कंपनीत ट्रेनी म्हणून लागली. पहिल्या दिवशीच संध्याकाळी पेढे घेऊन आली आणि दारातच घुटमळली. नव्या मुलामुलींना पहिल्या दिवशी वर्गात बसवून झालेले अपघात दाखवतात म्हणे. नाव सांगत नाहीत, पण पिटचा फोटो असतो, आणि कपाटात राहिलेल्या कुलपाचा. शिकवणारा विचारतो, चूक कोणाची? सगळ्या वर्गाने एका सुरात उत्तर द्यायचं, त्याची स्वतःची. दिपाली म्हणाली, "काकू, मला लगेच कळलं काका आहेत ते. पण सगळे म्हणत होते, मग मीपण म्हणाले." आणि रडायला लागली. अण्णा आतल्या खाटेवर होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. तिथूनच म्हणाले, "बराबर शिकवत्यात. रडू नगं. ध्यानात ठेव." ती गेल्यावर मी अण्णांच्या खाटेपाशी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं.

प्रोसेसर वगैरे काही मी सांगितलं नाही. चहाचं सांगितलं. ते त्यांना एका क्षणात कळलं. "भोंग्याला कोण उशीर करतंय," म्हणाले, आणि उठून बसले. मग बराच वेळ हाताची उरलेली बोटं चोळत राहिले आणि विचारलं, "कुलूप कुणाचं व्हतं?" त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं. मी तुझं नाव घेतलं. ते म्हणाले, "दोन वर्सं पोराला शिव्या घातल्या मी. मेलेल्या पोराला." ते रडतील असं मला वाटलं होतं, मी पदर सावरून बसले होते. रडले नाहीत. उठून बाहेरच्या खोलीत फोटोसमोर जाऊन उभे राहिले, चष्मा नव्हता तरी. परत आले तेव्हा तुझ्याबद्दल बोलले. तेही लिहिते, तुझ्यापासून लपवणार नाही. "हात चुकतो. माझाबी चुकला व्हता, त्याबिगर बोटं गेली न्हाईत. चुकीचं मी त्याला काय म्हणत न्हाई. पर त्यो माझ्या म्होरं बसून जेवला आन गप ऱ्हायला." त्यानंतर त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या कुठल्याच हिशोबात बसत नाही. तेराव्याच्या दिवशी माणसं पांगल्यावर तू स्वयंपाकघरात आलास. मी भांडी आवरत होते. तू तांब्या हातात घेऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "ताई, सर्व्हरचं घड्याळ कधी चुकतं का गं?" मी म्हटलं, माणसाचं चुकेल, सर्व्हरचं चुकत नाही. मला वाटलं, आपला भाऊ आपल्या नवऱ्याची बाजू शोधतोय. मला भरून आलं होतं तेव्हा. तू मान हलवलीस आणि पाणी न पिताच तांब्या ठेवून गेलास. पुढच्या महिन्यात गुजरातेत हालोलची नोकरी धरलीस. तर आता मी विचारते. मी चुकतं म्हणाले असते तर तू तिथेच, त्या भांड्यांपाशी, मला सगळं सांगणार होतास का? की मी नाही म्हणावं म्हणूनच तू विचारलंस, आणि ते ऐकून सुटलास? मी रात्रंदिवस नोंदी वाचणारी बाई आहे, पण ही नोंद कुठे सापडत नाही. पहिलं असेल तर माझा भाऊ अजून आहे. दुसरं असेल तर मला माहीत नाही मी कोणाला लिहिते आहे.

परवा, शुक्रवारी, मी पुण्याला जाऊन कारखाना निरीक्षकांकडे फेरचौकशीचा अर्ज देऊन आले. सोबत दारांच्या नोंदी, चहाचा हिशोब, भैरूचं म्हणणं त्याच्या सहीने, आणि तुझ्या जबाबाची प्रत, त्यातल्या त्या वाक्याखाली मी स्वतः रेघ ओढली आहे. ते तुला बोलावतील. पुढे तुझ्यावर काय काय येऊ शकतं ते मी वकिलांना विचारून घेतलं होतं, आणि ते ऐकूनही दिला. त्याच्याआधी दोनदा तुला लिहायला बसले आणि दोन्ही वेळा उठले. तुला आधी कळलं असतं तर तू मिळेल त्या गाडीने निघून आला असतास, दारात बसला असतास, ताई म्हणाला असतास, आणि मी अर्ज फाडून तुला जेवायला वाढलं असतं. मी स्वतःला ओळखते. म्हणून आधी अर्ज आणि नंतर पत्र, आणि तेही साध्या टपालाने, कारण फोनवर तुझा आवाज ऐकून सोमवारी मी तो अर्ज मागे घ्यायला गेले असते. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसेल. आईला मी काहीच सांगितलेलं नाही. तिला वाटतं जावई स्वतःच्या चुकीने गेला आणि मुलगा परमुलखात राहून दोन्ही घरांची काळजी वाहतो. दर गुरुवारी ती तुझ्या फोनसाठी सकाळपासून मोबाइल चार्जिंगला लावून त्याच्याशेजारी बसते. या गुरुवारी तिचे गुडघे विचारू नकोस. तिला तू सांग, सगळं, तुझ्या तोंडाने. फक्त वाकून पाहिलं होतं, असं सांगू नकोस.

तुझीच,
ताई